दहाच्या दहा बोटं

प्रिय धाकट्या,

आधी खाली बस, चष्मा लाव आणि हे पत्र स्वतः वाच. बायकोला मोठ्यांदा वाचायला लावून आपण डोळे मिटून मान डोलवायची, असले लाड या खेपेला चालणार नाहीत. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतोस आणि तिसऱ्या वाक्याला फोन दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतोस. तर वाच. परवाच्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझी ही छप्पन्न वर्षांची ताई टोकावर उभी होती! उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा जातात तशी नव्हे, भर थंडीत, गुडघाभर बर्फातून. चार वर्षांपूर्वी आपण सगळे ज्याच्या खालून मागे फिरलो, तेच टोक. आणि माझी दहाच्या दहा बोटं माझ्याबरोबर होती. मी ती मोजली, एकेक हलवून बघितली, अंगठ्याला करंगळी लावून बघितली. सगळी जिवंत, सगळी ऊबदार. आता तू म्हणशील, बोटं कुठे जाणार आहेत? तेच तर सांगायचंय.

तुला ठाऊक नाही, कारण मी सांगितलं नाही. गेली सहा वर्षं थंडी पडली की माझी बोटं पांढरी पडतात. म्हणजे अगदी मेणबत्तीसारखी. आधी दोन पडायची, मग चार, मग सगळीच. मग त्यांना काही कळत नाही. सुई टोचली तरी कळत नाही, किल्ली हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागतं. पुन्हा गरम व्हायला लागली की अशी ठणकतात की डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, फक्त हात गार पडू द्यायचे नाहीत. हात गार पडू द्यायचे नाहीत म्हणे, आणि मला हौस कसली, तर बर्फातल्या डोंगरांची! घरात हे फक्त तुझ्या दाजींना माहीत होतं, आणि त्यांनाही मी शपथ घातली होती. का, ते पुढे येईल. मला माझ्या पद्धतीने सांगू दे.

तू विचारशील की जाड हातमोजे काय कपाटात ठेवायला असतात. घालते की! पण जाड मोज्यांनी चेन ओढता येत नाही, बक्कल लावता येत नाही, थर्मासचं झाकण फिरत नाही. म्हणून ते काढावे लागतात, आणि काढले की तिथेच घात होतो. एका मिनिटात बोटं जातात ती तासभर परत येत नाहीत. गेल्या थंडीत आपल्या गटातली ती दातांची डॉक्टरीण बोलता बोलता म्हणाली की ती जाड्या मोज्यांच्या आत पातळ लोकरीचे दुसरे घालते. वरचे काढले तरी आतले हातावर राहतात, त्यांच्यातूनच सगळी कामं होतात. मी वरवर मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन एक जोडी घेऊन आले. घरी आणून पहिलं काय केलं असेल? उसवली. तुझ्या दाजींनी कपाळाला हात लावला. पण एकतीस वर्षं पायमोज्यांच्या कारखान्यात नमुने तपासणाऱ्या बाईच्या हातात नवं विणकाम दिलं, तर ती ते आधी घालून बघेल की उसवून बघेल, तूच सांग. आत काय दिसलं म्हणतोस? अर्धी लोकर, अर्धा नायलॉन, आणि बोटांच्या टोकांना असले जाड जोड की आत खडा राहिलाय असं वाटावं. मी नाक मुरडलं आणि जाहीर केलं की याच्यापेक्षा चांगले मी झोपेत विणीन.

झोपेत नाही, पण नमुन्यांच्या खोलीत विणले. तिथे कोपऱ्यात ते विणायचं जुनं सपाट हातमशीन आहे ना, खिडकीखालचं, ज्याच्यावर आपली पिशवी ठेवण्यापलीकडे कुणी काही करत नाही, ते मी कारखान्यातली मशीनं सांभाळणाऱ्या मिस्त्रींकडून तेलपाणी करून घेतलं. अगदी बारीक लोकरीचं एक रीळ नमुन्यासाठी येऊन पडलं होतं, ते साहेबांना रीतसर विचारून घेतली. प्रत्येक बोटाची वेगळी नळी विणायची, मग त्या तळहाताला जोडायच्या. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तेच करत होते. आणि काय जोडी झाली म्हणून सांगू! हातावर अशी बसली की सुरकुती नाही, कुठे सैल नाही, मनगटाला गच्च. मी सगळ्या कारखान्याला हात दाखवत फिरले. संध्याकाळी घरी चाचणी. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालून बसायचं, आणि तुझ्या दाजींनी घड्याळ धरायचं. उघड्या हाताला सहा मिनिटं लागली होती बोटं पांढरी व्हायला. हे नवे मोजे घालून किती लागली असतील? चार! धाकट्या, माझे डोळेच पांढरे झाले. लोकर घालून हात जास्त लवकर गार! मी आधी फ्रीजला नावं ठेवली. मग लोकरीला. मग तुझ्या दाजींना, की तुम्हाला घड्याळ बघता येत नाही. ते बिचारे वाटाण्याची पिशवी परत कप्प्यात ठेवत होते.

तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी ते मोजे माझ्या टेबलावरून उचलले, बोट घालून बघितले, आणि त्यांच्या त्या संथ आवाजात विचारलं की बाई, यांत तुम्ही पाय घालणार आहात की हात. मी भडकले. तर त्यांनी शांतपणे मशीनवरचा ताणाचा काटा दाखवला. मी तो पायमोज्याच्या ताणावर लावला होता! एकतीस वर्षांची सवय रे. पायमोजा म्हटलं की आवळ हवा, पोटरीला धरून राहायला हवा, सैल निघाला की नापास. मी आयुष्यात किती हजार सैल मोजे नापास केले असतील देवाला ठाऊक. तोच हात हातमोज्यावरही चालला. एवढे आवळ विणले की बोटांतलं रक्तच पुढे सरकेना, मग ऊब यायची कुठून? मिस्त्रींनी काटा चार खुणा सैल केला आणि निघून गेले. मी तो परत दोन खुणा आवळला, ते लांब गेल्यावर. खोटं कशाला सांगू. मग खुर्चीत बसून स्वतःलाच दटावलं आणि पुन्हा सैल केला. चूक कबूल करणं मला कधी जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

दुसरी जोडी सैल झाली, पण बोटांच्या टोकांचे जोड पुढच्या बाजूला आले, त्यामुळे चेनची कडी बोटांना लागतच नव्हती. तिसऱ्या जोडीला मी ते जोड नखांच्या बाजूला नेले. झालं! स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, चौतीस ग्रॅम. दोन्ही मिळून. फ्रीजमध्ये अकरा मिनिटं टिकली, आणि तेव्हाही मीच कंटाळून हात बाहेर काढला. मग रोज सकाळी कामाला जायच्या आधी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर मी आणि तुझे दाजी. मी नाडी बांधायची, सोडायची, बक्कल लावायचं, नकाशा उलगडून परत घडी घालायची, काडी पेटवायची. ते शेजारी उभे राहून वेळ मोजणार आणि पाय आपटणार. तिथेही एकदा फजिती झालीच. आतले मोजे सैल केले आणि वरून माझेच जुने जाडे चढवले, तर ते आता घट्ट! पुन्हा तेच रामायण. शेवटी दाजींचे मोठे चार बोटं एकत्र असणारे मोजे घेतले, आत हवेला जागा राहील असे. चढताना घाम आला की नुसते पातळ, वारा सुटला की वरून मोठे. एकदा बर्फ वितळून आतले मोजे ओले झाले, मी म्हटलं आता संपलं. पण लोकर ओली असूनही हात ऊबदारच. त्या दिवशी मी टेकडीवर एवढ्या मोठ्यांदा ओरडले की खाली रस्त्यावर एका सायकलवाल्याने ब्रेक मारला.

हे सगळं चाललेलं असताना तुझी बायको इकडे येऊन गेली, तुला माहीत आहे ना? तू गळ्यापर्यंत कामात बुडाला होतास, भिंगं घासण्याचं काम तुंबलंय म्हणालास. तिने मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तू तिसऱ्या मजल्यावरची ती चांगली उजेडाची जागा सोडून तळमजल्यावर का आलास, ते सांगितलं. तुला जिने नकोत म्हणून. छातीचे फोटो दोनदा काढलेस, हृदयाचा आलेख तीनदा, प्रत्येक डॉक्टरने हसून परत पाठवलं, तरी तू पुढच्याकडे जातोस. बस पकडायला धावत नाहीस. पाठीवरची ती निळी पिशवी कुणाला तरी देऊन टाकलीस. लग्नाकार्यात कुणी डोंगरांचा विषय काढला की आपणच आधी म्हणतोस, मला नका विचारू, माझ्यामुळे सगळ्यांना मागे यावं लागलं होतं. आणि सगळे हसतात. त्या हसणाऱ्यांत मीही असते, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यात ते होतं. ती गेल्यावर मी तिसऱ्या जोडीच्या मनगटाची पट्टी विणायला बसले आणि माझ्याकडून सतरा टाके सुटले.

आता रविवारचं ऐक. तीच माणसं होती: पुढे पोस्टमनकाका, आता निवृत्त झालेत पण चाल अजून टपाल वाटायचीच, मग डॉक्टरीण, बेकरीवालं जोडपं आणि मी. उजाडताना निघालो. झाडीतून वर येईपर्यंत मी नुसत्या पातळ मोज्यांवर होते, आणि काठीची मूठ अशी स्पष्ट कळत होती की मी दर दहा पावलांनी खूश होत होते. झाडी संपली आणि वारा आला. वरचे मोठे मोजे चढवले. धारेवर बर्फ कडक होता, बुटांना लोखंडी काटे बांधले. मग तो खडक आला. तुला तो खडक आठवतो, आठवतोच. जिथून टोक इतकं जवळ दिसतं की हात लावावासा वाटतो. नेमका तिथेच माझ्या डाव्या बुटाचा पट्टा सैल झाला. माझी पाचावर धारण बसली. वाऱ्याने उभं राहवत नव्हतं, चौघं पुढे थांबून माझ्याकडे बघत होते, आणि मला ते बक्कल लावायचं होतं. मी खाली बसले. मोठे मोजे काढून छातीशी कोंबले. पातळ लोकरीतून बोटांना पट्टा लागला, पट्ट्याचं भोक लागलं, बक्कलची जीभ लागली. गार होती, पण लागली! एकदा निसटलं. दुसऱ्यांदा खट्‌ झालं. मी मान वर केली आणि माझ्या तोंडून असा काही हुंकार निघाला की बेकरीवाल्या बाई घाबरून दोन पावलं मागे आल्या, पडले की काय म्हणून.

तिथून वर पंचवीस मिनिटं लागली. मला एकही मिनिट आठवत नाही, फक्त समोरच्यांच्या पावलांचे खड्डे आठवतात. आणि मग अचानक वर चढायला काही उरलंच नव्हतं. चारी बाजूंना नुसते पांढरे डोंगर आणि ऊन. मी मोठे मोजे काढून दोन्ही हात वर केले आणि नाचले, धाकट्या, अक्षरशः नाचले, काटे लावलेल्या बुटांनी. काकांनी ओरडून सांगितलं की बाई, कडेपासून लांब नाचा. पातळ मोजे घालूनच मी सगळ्यांना चहा ओतला, झाकण घट्ट लावलं, ब्रेड कापला, आणि वर पोचलेल्यांसाठी तिथे डब्यात ठेवलेल्या वहीत पेन्सिलीने तारीख लिहिली. अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आलं. डॉक्टरणीने माझे मोजे हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि तिला एक जोडी हवी म्हणाली. बेकरीवाल्यांना दोन हव्यात. तोंडभर कौतुक झालं. एवढं कौतुक, की मला ते सोसेना. कारण बेकरीवाले म्हणाले, बिचारा तुमचा भाऊ, त्याचा दम टिकला असता तर चार वर्षांपूर्वीच इथे आलो असतो.

तर आता हे पत्र कशासाठी, ते. चार वर्षांपूर्वी त्याच खडकापाशी माझाच पट्टा सुटला होता. मी हातमोजे काढले आणि मिनिटभरात माझी दहाही बोटं गेली. बक्कल कुठे आहे हेच कळेना. सगळ्यांना हुकूम सोडणारी मी, आणि मला कुणाकडून तरी बूट बांधून घ्यावा लागणार होता. तेवढ्यात तू वर आलास, काठीवर टेकून धापा टाकत. तिथे सगळेच धापा टाकत होते, काका तर तुझ्याहून जास्त. पण मी तुझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की धाकट्याचा दम संपलाय, याला पुढे नेण्यात धोका आहे, मागे फिरायचं. तू नाही नाही म्हणत होतास. मी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने तुला गप्प केलं. उतरताना तू प्रत्येकाजवळ जाऊन माफी मागितलीस. माझ्याजवळही आलास, आणि मी तुला माफ केलं. रविवारी टोकावर, बेकरीवाल्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, मी हे सगळं चौघांना सांगून टाकलं.  मग डॉक्टरणीने तोंडावर सांगितलं की हे चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, आणि काका म्हणाले की आता ते त्याला सांगा, आम्हाला काय सांगता. म्हणून लिहितेय. मी चुकले, धाकट्या, मी फार वाईट वागले, मला माफ कर; आणि नाही करावंसं वाटलं तर नको करूस, पण एवढं मात्र नक्की ऐक. तुझ्या छातीत काही नाही, कधीच नव्हतं. त्या दिवशी तू टोकावर पोचला असतास, माझ्या आधी पोचला असतास, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुझीच,
ताई